दोन डबे

‘कचरा’ हा शब्द उच्चारताच आपण नाक मुरडतो. परंतु कचरा नावाची एखादी स्वतंत्र वस्तू जगात आहे काय, असा प्रश्न मनाशी विचारून पाहिला, तर त्याचे उत्तर वाटते तितके सोपे नाही. सकाळी दारात येऊन पडलेले वर्तमानपत्र हा काही कचरा नव्हे. ते वाचून झाले आणि घडी घालून कोपऱ्यात ठेवले, म्हणजे त्याची रद्दी होते. तिला बाजारात भाव असतो. केळीची सालही कचरा नव्हे. ती गाईपुढे टाकली तर तिचा चारा होतो, मातीत पुरली तर तिचे खत होते. पण त्या वर्तमानपत्रात केळीची साल गुंडाळली, वर चहाचा चोथा ओतला, त्यात फुटक्या पेल्याचे दोन तुकडे टाकले आणि सारे एका डब्यात कोंबले, की त्या क्षणी कचरा जन्माला येतो. कागद तोच, साल तीच, काचही तीच. निरनिराळी असताना ती प्रत्येक कामाची होती. एकत्र येताच सगळीच वाया गेली.

आमच्या गावच्या घरी लहानपणी मी जे पाहिले, ते या दृष्टीने मला फार बोलके वाटते. भाजीची देठे आणि साली गोठ्यातल्या गाईसाठी टोपलीत पडत. चुलीतली राख भांडी घासायला लागे. जुन्या लुगड्यांची वाकळ होई. जी वस्त्रे वाकळीच्याही उपयोगाची नसत, ती बोहारणीच्या बोचक्यात जात आणि त्यांच्या मोबदल्यात एखादे पातेले घरात येई. तेलाच्या रिकाम्या डब्यात तुळस लावली जाई. उरलेसुरले शेण आणि पालापाचोळा परसातल्या उकिरड्यावर पडे, आणि पावसाळ्याआधी तो उकिरडाच बैलगाडीतून शेतात जाई. माझ्या आजीने ‘वर्गीकरण’ हा शब्द कधी ऐकलाही नसेल. पण प्रत्येक वस्तूला जाण्यासाठी तिच्या घरात निराळी वाट होती.

त्या काळाचे उगाच कौतुक करावे, असा माझा हेतू नाही. त्या घरात वस्तूच थोड्या होत्या आणि परसू मोठे होते. आज शहरातील घराला परसू नाही, गोठा नाही. आणि वस्तू तर इतक्या, की एका दिवसात दुधाच्या पिशव्या, बिस्किटांचे पुडे, औषधांच्या बाटल्या आणि पुठ्ठ्याची खोकी यांचा लहानसा ढीगच होतो. आजीच्या निरनिराळ्या वाटा बंद झाल्या आणि त्यांच्या जागी एकच वाट उरली. ती म्हणजे केराचा डबा.

हा डबा रिकामा झाला, की घर स्वच्छ झाले असे आपण मानतो. पण डब्यातले गेले कोठे? पुण्यात राहायला आल्यावर या प्रश्नाचे उत्तर मला कळले. हडपसरच्या पलीकडे उरुळी देवाची आणि फुरसुंगी अशी दोन गावे आहेत. पुणे शहराचा कचरा वर्षानुवर्षे गाड्या भरभरून तेथील डेपोत नेऊन टाकला गेला. पाहता पाहता त्याच्या टेकड्या झाल्या. ओला पदार्थ अशा ढिगाखाली दडपला गेला, की त्याला हवा मिळत नाही. हवेवाचून तो सडतो तेव्हा त्यातून मिथेन नावाचा वायू निघतो. हा वायू पेट घेणारा आहे. शिवाय पृथ्वीचे तापमान वाढवण्याच्या बाबतीत तो तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या अनेक पटींनी अधिक प्रभावी आहे. सडलेल्या ढिगातून जे काळे पाणी पाझरते, ते जमिनीत मुरते आणि विहिरींपर्यंत पोहोचू शकते. दुर्गंधी, धूर आणि बिघडलेले पाणी यांना कंटाळून त्या गावांतील लोकांनी वेळोवेळी आंदोलने केली, कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. गाड्या अडल्या, की पुण्यातील चौकांत ढीग साचत आणि मग शहराला त्या गावांची आठवण होई. आपले अंगण झाडून केर शेजाऱ्याच्या दारात लोटावा, तशातलाच हा प्रकार होता.

या साऱ्या काळात कचरा वेगळा करण्याचे काम मुळी कोणी करीतच नव्हते, असे मात्र नाही. ते काम चालू होते, आणि ते करणारे हातही होते. पाठीवर पोते घेऊन पहाटेच रस्त्यावर निघणाऱ्या स्त्रिया कचराकुंडीत वाकून कागद, काच आणि पत्रा वेचीत. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून आणि इतर कोरडवाहू भागांतून कित्येक कुटुंबे पोटासाठी पुण्यात आली. शेत नाही, शिक्षण नाही, ओळखीपाळखीचे माणूस नाही, अशा अनेक बायकांना हेच काम मिळाले. त्यांनी वेचलेला माल भंगारवाल्याकडे जाई, तेथून कारखान्यात जाई आणि पुन्हा नवी वस्तू होऊन आपल्याच घरात येई. म्हणजे शहरावर त्यांचे उपकारच होते. परंतु शहर त्यांच्याकडे संशयाने पाही. कोठे चोरी झाली, की पहिला आळ पोते पाठीवर असलेल्या बाईवर येई.

१९९३ साली पुण्यात या कष्टकऱ्यांची एक परिषद भरली. डॉ. बाबा आढाव यांच्या अध्यक्षतेखाली आठशेहून अधिक कचरावेचक एकत्र आले आणि ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ या संघटनेचा जन्म झाला. नाव पाहा कसे आहे! इतरांनी ज्याला कचरा म्हटले, त्याला या माणसांनी त्याच्या खऱ्या नावांनी हाक मारली: कागद, काच, पत्रा. पुढे या संघटनेच्या सभासदांना ओळखपत्रे मिळाली आणि त्यांना महानगरपालिकेचीही मान्यता मिळाली. ज्या बाईला कालपर्यंत ‘ए’ म्हणून हटकले जाई, तिच्या गळ्यात आता तिचे नाव आणि छायाचित्र असलेले ओळखपत्र आले. त्यानंतर ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ साली तिने पुणे महानगरपालिकेशी करार केला. तेव्हापासून कुंडीत वाकणाऱ्या बायका घराघराच्या दाराशी जाऊन कचरा घेऊ लागल्या. कुंडीपासून दारापर्यंतचे हे अंतर मोजायला फार थोडे आहे. पण ते तोडायला पंधरा वर्षे लागली.

आमच्या इमारतीत ही योजना सुरू झाली, तेव्हा तिची माहिती देण्यासाठी गच्चीवर सभा भरली. इमारतीत बिऱ्हाडे चोवीस. संस्थेच्या वतीने दोन स्त्रिया आल्या होत्या. प्रत्येक घरात दोन डबे ठेवावेत, एकात ओला कचरा आणि दुसऱ्यात सुका. दोन्ही वेगवेगळे द्यावेत आणि दरमहा ठरलेले शुल्क द्यावे, एवढीच ती योजना. ऐकून कुजबुज सुरू झाली. स्वयंपाकघरात आधीच जागा नाही, त्यात दुसरा डबा कोठे ठेवायचा, असे एकीचे म्हणणे पडले. तळमजल्यावरचे वयोवृद्ध आप्पा तर उठूनच उभे राहिले. “आम्ही कर भरतो, वर आता शुल्कही द्यायचे. मग कचरा वेगळा करण्याचे कामही आम्हीच का करावे?” त्यांचा प्रश्न रोखठोक होता आणि अनेकांच्या मनातला होता.

आलेल्या दोघींपैकी जी वयाने मोठी होती, ती पुढे आली. पुढे आम्ही सारेच तिला मावशी म्हणू लागलो. ती मुळीच रागावली नाही. म्हणाली, “आप्पा, वेगळं करायला आम्ही सांगतच नाही. भाजी निवडताना देठं वेगळीच असतात. दुधाची पिशवी वेगळीच असते. पेला फुटतो तेव्हा काचही वेगळीच असते. सगळं एका डब्यात टाकून एकत्र तुम्ही करता. तेवढं करू नका, एवढंच आमचं मागणं आहे.”

सभा एकदम शांत झाली. मावशीने आपले दोन्ही तळहात पुढे केले. त्यांवर जुन्या जखमांच्या पांढुरक्या रेघा होत्या. “एकत्र कचऱ्यात हात घातला, की आत काय आहे ते दिसत नाही,” ती म्हणाली. “देठांच्या खाली काच असते, कधी सुई असते. आधी हाताला कळतं, मग डोळ्याला.”

आप्पा खाली बसले. सभा संपून लोक जिना उतरू लागले, तेव्हा ते मावशीजवळ गेले आणि हलक्या आवाजात त्यांनी विचारले, “मला रोज इन्शुलिन टोचून घ्यावे लागते. त्या सुया कशात ठेवाव्या?” मावशीने सांगितले, “जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत टाकत जा, झाकण घट्ट लावा आणि भरली की माझ्या हातात निराळी द्या. वर लिहा म्हणजे झालं.” त्या दिवसापासून आप्पांच्या दाराशी महिन्या-दीड महिन्याने एक बाटली दिसू लागली. तिच्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलेले असे: ‘सावधान! सुया आहेत.’

योजना सुरू झाली खरी; पण पहिल्या आठवड्यात घरोघरी वाद माजले. दुसऱ्या मजल्यावर राहणारी सहावीतली एक मुलगी या कामात सर्वांच्या पुढे होती. तिने जिन्याजवळ एक तक्ता लावला. डाव्या बाजूला ‘ओला’ आणि उजव्या बाजूला ‘सुका’. पण लवकरच ती स्वतःच कोड्यात पडली. झाडाची वाळलेली पाने खडखडीत कोरडी. ती ओल्या कचऱ्यात कशी? आणि धुऊन ठेवलेल्या दुधाच्या पिशवीतून तर पाणी निथळते आहे. ती सुक्या कचऱ्यात कशी? तिने हा प्रश्न मावशीला विचारला. मावशी हसली. “अगं, कुजून ज्याची माती होते तो ओला. जो तसाच राहतो तो सुका.” मुलीने लगेच दुसरा प्रश्न टाकला, “मग कागद? तोही कुजतोच की!” मावशी म्हणाली, “कुजतो. पण त्याचा पुन्हा कागद होत असताना कुजवायचा कशाला?” त्या उत्तराने मुलीचे समाधान झाले आणि तक्त्यावरची कागदाची जागा पक्की झाली. नारळाच्या करवंटीवर मात्र दोघींनी बरीच चर्चा केली. ती कुजते, पण इतकी सावकाश, की खताच्या टाकीत ती महिनोन् महिने तशीच पडून राहते. शेवटी तिला निराळी टोपली मिळाली.

वापरलेले डायपर, सॅनिटरी पॅड आणि जखमेच्या पट्ट्या यांसाठी तक्त्यावर तिसरा रकाना आला. अशा वस्तू कागदात नीट गुंडाळायच्या आणि पुडीवर लाल ठिपका काढायचा, ही रीत ‘स्वच्छ’ संस्थेने पुण्यात रूढ करण्याचा प्रयत्न केला. ठिपका दिसला, की वेचणारी ती पुडी उघडत नाही. तिचे हात घाणीपासून आणि रोगापासून वाचतात. एक लहानसा ठिपका! काढायला क्षणभरही लागत नाही. पण न बोलता तो एका माणसाकडून दुसऱ्या माणसाला निरोप देतो: ‘तुमची मला काळजी आहे.’

आपण वेगळे ठेवलेले पुढे खरोखर वेगळे राहते काय, अशी शंका अनेकांना येत असे. ती मलाही आली. म्हणून एका रविवारी मावशीला विचारून मी त्यांच्या वर्गीकरणाच्या शेडमध्ये गेलो. पत्र्याच्या छपराखाली पाच-सहा बायका बसल्या होत्या आणि त्यांच्याभोवती पोती उभी होती. त्यांचे हात इतक्या चपळाईने चालत, की पाहणाऱ्याची नजर मागे पडावी. वर्तमानपत्र एका पोत्यात, वहीचा पांढरा कागद दुसऱ्या, पुठ्ठा तिसऱ्या. पाण्याची बाटली एकीकडे आणि तिचे झाकण दुसरीकडे. कारण बाटलीचे प्लॅस्टिक निराळ्या जातीचे आणि झाकणाचे निराळ्या जातीचे असते. पत्रा निराळा, ऍल्युमिनियम निराळे. आपण ज्याला ‘सुका कचरा’ असे एकच नाव देतो, त्याचे तेथे पंधरा-वीस प्रकार होते आणि प्रत्येकाचा भाव निराळा होता.

तेथेच मला आणखी काही गोष्टी कळल्या. काच कितीही वेळा वितळवली, तरी तिचा गुण कमी होत नाही. ऍल्युमिनियम खनिजापासून तयार करायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या केवळ ५ टक्के ऊर्जेत जुन्या ऍल्युमिनियमचे नवे बनते. कागदाचे मात्र तसे नाही. दर खेपेला त्याचे तंतू आखूड होत जातात आणि काही खेपांनंतर तो थकतो. पण आमटीने भिजलेला कागद पहिल्याच खेपेला मरतो. त्याला कोणी घेत नाही. आपल्या घरी तो सुका राहिला, तर मावशीला त्याचे पैसे मिळतात. भिजला, तर तिची तेवढी मजुरी बुडते.

शेडच्या एका कोपऱ्यात चकचकीत पाकिटांचा मोठा ढीग होता. वेफर्स आणि तत्सम खाऊची ती पाकिटे होती. मावशी म्हणाली, “याला गिऱ्हाईकच मिळत नाही.” मी एक पाकीट उचलून पाहिले. आतून चंदेरी, बाहेरून रंगीत. प्लॅस्टिक आणि धातू यांचे पातळ पदर एकमेकांना असे चिकटवलेले असतात, की कोणताही हात ते सोडवू शकत नाही. घरात झालेली मिसळ घरात टाळता येते. ही मिसळ तर कारखान्यातच झालेली असते. वस्तू तयार करतानाच तिच्या शेवटाचा विचार व्हायला हवा, हे त्या ढिगाने मला शिकवले.

ओल्या कचऱ्याची हकिकत अधिक सुखाची आहे. आमच्या इमारतीच्या मागे विटांची एक जाळीदार टाकी बांधली गेली. वाळलेल्या पानांचा एक थर, त्यावर ओल्या कचऱ्याचा एक थर, अशी तिची भरणी होते. अधूनमधून वरखाली केल्याने आत हवा खेळते. हवा मिळाली, की तेच देठ आणि त्याच साली सडत नाहीत, तर कुजून खत होतात. दोन-अडीच महिन्यांनी टाकीच्या तळातून जे निघाले, ते हातात घेऊन आप्पांनी नाकाशी नेले. त्याला पहिल्या पावसाच्या मातीचा वास येत होता.

२०१६ साली केंद्र सरकारने घनकचऱ्याविषयी नवे नियम केले. प्रत्येक घराने कुजणारा, न कुजणारा आणि घरातील धोकादायक असा तीन प्रकारचा कचरा वेगवेगळा द्यावा, आणि या कामात कचरावेचकांना सामावून घ्यावे, असे त्या नियमांनी सांगितले. कायद्याची आवश्यकता आहेच. परंतु बंद दाराआडच्या स्वयंपाकघरात, केळीची साल हातात धरून उभ्या असलेल्या माणसावर कोणताही शिपाई पहारा ठेवू शकत नाही. तेथे ज्याचे त्यानेच शहाणे व्हावे लागते.

गाडगे महाराजांनी (१८७६-१९५६) हातात खराटा घेतला आणि दिवसा ते ज्या गावाचे रस्ते झाडीत, त्याच गावात रात्री कीर्तन करून लोकांच्या मनांतील अज्ञान झाडीत. झाडण्याचे काम हलके नाही, हे त्यांनी महाराष्ट्राला स्वतः करून दाखवले. आपल्या वाट्याला तेवढेही कष्ट आलेले नाहीत. आपल्याला गाव झाडायचे नाही, कुंडीत वाकायचे नाही, की पाठीवर पोते घ्यायचे नाही. जे मुळात वेगळे आहे ते एकत्र करायचे नाही, इतकेच आपले काम आहे.

हे काम मुलांनी विशेष लक्षात घ्यावे, असे मला वाटते. मोठ्यांच्या हातांना सवयी जडलेल्या असतात. मुलांचे हात अजून मोकळे असतात. डब्यात काही टाकण्यापूर्वी हात क्षणभर थांबवावा आणि स्वतःला विचारावे, ‘माझ्यानंतर याला कोणाचा हात लागणार आहे?’ तो हात आपल्याला दिसत नाही, कदाचित कधी दिसणारही नाही. पण तो असतो. आणि सकाळी दारावर थाप पडते, ती त्याच हाताची असते.